गोरक्षभाऊंच्या शंकरपाळ्या

तक्त्यात आपलं नाव कुठेच नाही हे गोरक्ष वाबळ्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते चहा पीत होते. चहा तसाच राहिला. त्यांनी चष्मा पुसला आणि तक्ता वरून खाली आणि मग खालून वर वाचला. लोखंड कोण उतरवून घेतं, ते कोण कापतं, वेल्डिंग कुणाचं, पाती कोण बसवतं, रंग कोण देतं, टेम्पोत कोण चढवतं, सगळं होतं. चाचणीच्या चौकटीत बनुबाईंचंसुद्धा नाव होतं. बनुबाई तयार यंत्रापुढे कडब्याची पेंढी आणून टाकायच्या, यापलीकडे त्या यंत्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण त्यांना चौकट होती.

कंपनी नगरच्या एमआयडीसीत होती आणि जनावरांचा चारा कापायची कडबाकुट्टी यंत्रं बनवायची. मालक भिमाजी दरंदले. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांनी पत्र्याच्या एका शेडमध्ये कंपनी सुरू केली, तेव्हापासून गोरक्षभाऊ तिथे होते. ते तिथे नेमकं काय करतात हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता, आणि तो पडू नये एवढी काळजी भाऊ घेत आले होते. त्यांचं टेबल शेडच्या दारातच होतं. येणारा-जाणारा विचारायचा, "भाऊ, वेल्डिंग सुरू करू का?" भाऊ म्हणायचे, "हो, करा." "भाऊ, रंग वाळला, उचलू का?" "हो, उचला." ते कधी कुणाला नाही म्हणाल्याचं कंपनीत कुणाला आठवत नव्हतं. असा दिवसभर होकार देऊन भाऊ संध्याकाळी सावेडीच्या फ्लॅटवर परतायचे तेव्हा खरोखर दमलेले असायचे.

हे सगळं सुरळीत चालू असताना पुण्याच्या एका दूध कंपनीने मोठी ऑर्डर द्यायची इच्छा दाखवली. त्यांच्या गवळ्यांना वाटायला कडबाकुट्टी हवी होती. यंत्र त्यांना पसंत पडलं होतं. पण खरेदी बघणारे मोहियोद्दीन सय्यद म्हणून जे साहेब होते, त्यांनी फोनवर एक अट घातली. यंत्र तुमच्याकडे कसं बनतं, कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातं, ते मला समोर बघायचं आहे. त्यावर दादांची मुलगी संस्कृती, जी पुण्यात शिकून नुकतीच कंपनीत येऊ लागली होती, ती वही-पेन घेऊन शेडभर फिरली आणि तिने तक्ता तयार केला. गोरक्षभाऊंच्या टेबलाशी ती थांबली नव्हती असं नाही. थांबली होती. पण तेवढ्यात कुणीतरी काहीतरी विचारायला आलं, भाऊंनी हो म्हटलं, आणि ती पुढे गेली.

भाऊ तक्ता घेऊन तिच्याकडे गेले.

"ताई, झकास झालाय तक्ता. फक्त एक वाटलं, काही राहिलं तर नाही ना?"

"काय राहिलं, काका?"

"नाही, असंच आपलं. ऑफिस वगैरे."

"ऑफिस यात येत नाही, काका. काम पुढे कसं सरकतं त्याचा हा तक्ता आहे. जे काम करतात तेवढेच यात येतात."

पोरगी हे अगदी साधेपणाने बोलली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी चाचणीच्या पुढे काढलेल्या एका तिरक्या चौकटीवर बोट ठेवलं. "आणि ही शंकरपाळी कशाची?"

संस्कृती हसली. "तिथे निर्णय होतो. यंत्र नीट चाललं का? हो असेल तर पुढे, नाही तर मागे."

"हो म्हणायचं काम," भाऊ म्हणाले.

"तसंच काहीतरी."

संध्याकाळी त्यांनी बायकोला, रुपालीला, सगळं सांगितलं. ऑर्डर मिळाली की कंपनी वाढणार, वाढली की दादा माणसं मोजायला बसणार, आणि मोजायला बसले की हाच तक्ता समोर धरणार, हे त्यांनी तिला टप्प्याटप्प्याने समजावलं. मुलगा अजून बारावीत होता. फ्लॅटचे हप्ते चालू होते. या वयात दुसरीकडे जाऊन मला होकार देता येतो असं सांगितलं तर कोण ठेवून घेणार होतं?

रुपाली कोथिंबीर निवडत होती. "मग तुम्ही काय करता ते सांगा ना त्यांना."

"मी परवानगी देतो."

"कशाची?"

"सगळ्याचीच."

"मग तेच लिहा की," असं म्हणून तिने जुडी संपवली आणि ती उठून गेली.

दादांच्या मते भिंतीवर लावण्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे फ्लेक्स. तक्ता कागदावर लावला तर तो साहेबाला दिसणार कसा? तेव्हा तक्त्याचा फ्लेक्स करायचं ठरलं आणि तो करून आणायची जबाबदारी गोरक्षभाऊंनी पुढे होऊन अंगावर घेतली. त्यांनी स्वतःहून काम मागितल्याचं पाहून दादांना जरा नवल वाटलं.

फ्लेक्सवाला करण म्हणजे वाढदिवस, निवड आणि अभिनंदन यांतला दर्दी माणूस. तक्ता पाहून तो नाराज झाला.

"भाऊ, यात कायच न्हाई. नुसत्या चौकटी."

"तेच सांगतोय. प्रत्येक दोन चौकटींच्या मधे एक शंकरपाळी टाक. आणि तिच्यात लिही, गोरक्षभाऊंची परवानगी."

"समद्या ठिकानी?"

"सगळ्या."

"मंग फोटो लागंल. इतक्या येळा नाव हाय अन फोटो न्हाई, बरं दिसतं का?"

"माझा नको. दादांचा टाक वरती, मोठा."

करणने मान डोलावली. दादांचा फोटो त्याच्याकडे गेल्या वर्षीच्या वाढदिवसाचा होताच. भाऊंचा नव्हता, पण भाऊंनी तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता आणि तिथे त्यांचा पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो होता. करणला अर्धवट काम आवडत नसे.

फ्लेक्स आला तो सय्यद साहेब येण्याच्या दिवशी सकाळी. साहेबांनी पुणे सोडल्याचा फोन येऊन गेला होता. चार जणांनी फ्लेक्स उलगडून भिंतीवर चढवला आणि सगळे मागे सरून बघत राहिले. भोवती झेंडूची नक्षी होती. वर दादा हात जोडून उभे होते. खाली प्रत्येक दोन चौकटींच्या मधे एक शंकरपाळी होती आणि प्रत्येक शंकरपाळीतून फेटा बांधलेले गोरक्षभाऊ बघत होते.

"काका, हे काय?" संस्कृतीने विचारलं.

फोटोचं त्यांनाही आत्ताच कळत होतं. "ताई, परवानगी तर मीच देतो ना. विचारा कुणालाही."

कुणी नाही म्हणेना. सवयीने सगळ्यांनी माना हलवल्या. संस्कृतीने वडिलांकडे पाहिलं. दादा स्वतःचा फोटो बघत होते आणि तो त्यांना आवडला होता.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "आता येळ न्हाई. अन ऐका रे समद्यांनी, आज ह्यात हाय तसंच करायचं. सायबाम्होरं एक पाऊल इकडं न्हाई का तिकडं न्हाई. शंकरपाळी आली की थांबायचं. भाऊचा हो आला की मंग पुढं."

"आन भाऊ जागंवर नसलं तर?" फिटिंगचा छगन म्हणाला.

"तर थांबायचं."

"रोजच्यासारखं न्हाई का?"

रोजच्यासारखं म्हणजे कसं, हे दादांनी विचारलं नाही, कारण बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. गोरक्षभाऊंना मात्र ते शब्द ऐकू आले आणि त्यांनी वळून आपल्या खुर्चीकडे पाहिलं.

सय्यद साहेब अंगाने बारीक आणि बोलण्यात अतिशय शांत होते. शांत माणसाची भाऊंना नेहमीच भीती वाटायची. साहेब म्हणाले, आधी थोडं बोलून घेऊ, मग काम बघू. दादांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि गोरक्षभाऊंनाही शेजारी बसवून घेतलं, कारण ज्या माणसाचं चित्र भिंतीवर इतक्या वेळा आहे तो समोर नसला तर साहेबांना काय वाटेल? फोन बंद करून ठेवायला सांगितलं. संस्कृती टेबलाच्या टोकाला बसली.

केबिनला काच होती आणि काचेतून शेड दिसत होती. भाऊ बसतात न बसतात तोच काचेपलीकडे आसिफ येऊन उभा राहिला. वेल्डिंगचा मुखवटा त्याने कपाळावर सरकवला होता. लोखंड कापून झालं होतं, मधे शंकरपाळी होती आणि भाऊ आत होते. त्याने हाताने विचारलं, करू का? भाऊंनी मान हलवली, करा.

"म्हणजे दिवाळीच्या आत सगळी यंत्रं मिळतील?" सय्यद साहेब म्हणाले. "वा. मला वाटलं होतं तुम्ही जास्त वेळ मागाल."

दादांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी दादांकडे पाहिलं. साहेबांनी नोंद करून घेतली होती.

थोड्या वेळाने आसिफच्या जागी छगन आला. सांगाडा जोडून झाला होता, पाती बसवू का असं तो दोन्ही हातांनी विचारत होता. भाऊंनी न बघण्याचा प्रयत्न केला. पण छगन उंच होता आणि हातवारे मोठे करत होता. भाऊंची मान आपोआप हलली.

"दोन वर्षं काही मोडलं तर तुमचा माणूस गोठ्यावर येऊन फुकट दुरुस्त करणार, हेही मान्य," साहेब म्हणाले. "लिहून घेतो."

"अहो, ते जरा," दादा म्हणाले.

"यांनी मान हलवली ना? तक्त्याप्रमाणे परवानगी यांचीच आहे."

दादांनी काचेतून भिंतीकडे पाहिलं. तक्ता तिथे होता आणि त्यांचाच फोटो त्याच्यावर होता. टेबलाखाली दादांचा बूट गोरक्षभाऊंच्या पायावर आला आणि तिथेच राहिला. पण इतक्या वर्षांची सवय एका बुटाने मोडत नाही. रंगवाल्याने काचेवर टकटक केली, भाऊ दचकले आणि साहेब पात्यांना वर्षातून एकदा धार लावून द्याल का असं विचारत असताना तिसऱ्यांदा मान हलवून बसले. त्यानंतर त्यांनी हनुवटी हातात घट्ट धरून ठेवली आणि नजर टेबलावर लावली. काय वाट्टेल ते होवो, आता मान हलवायची नाही.

बाहेर कुणीतरी काच वाजवली. भाऊ हलले नाहीत. पुन्हा वाजली. भाऊंनी डोळे मिटले. मग शेडमधला एकेक आवाज बंद पडत गेला. ग्राइंडर थांबला, ठोकाठोक थांबली, कटरही गप्प झाला. शेवटी वरच्या पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

"जेवणाची सुट्टी झाली का?" साहेबांनी विचारलं.

"आत्ताच कशी होईल?" संस्कृती उठून काचेशी गेली. ती नुसती बघत राहिली.

सगळे बाहेर आले. शेडमध्ये एकही हात चालू नव्हता. कटरवाला पुढच्या यंत्राचं लोखंड कापून उभा होता. आसिफ हाताची घडी घालून उभा होता. रंगवाला पहिलं यंत्र रंगवून ब्रश धरून उभा होता आणि रंग जमिनीवर ठिबकत होता. टोकाला बनुबाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन उभ्या होत्या. ती खाली ठेवायची का, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब आसिफजवळ गेले. "का थांबलात?"

आसिफने अदबीने फ्लेक्सकडे बोट केलं. "शंकरपाळी आली ना, साहेब."

साहेबांनी फ्लेक्स नीट पाहिला. मग गोरक्षभाऊंकडे वळले. "वाबळे, मला एक समजावून सांगा. वेल्डिंग झालं की काम तुमच्याकडे येतं. तुम्ही तिथे काय तपासता?"

सगळी शेड त्यांच्याकडे बघत होती. खोटं सांगावं तर वेल्डिंगमधलं एकही खोटं त्यांना येत नव्हतं.

"मी विचारतो," ते म्हणाले.

"काय?"

"झालं का म्हणून."

"मग?"

"झालं म्हणतात."

"मग?"

"मग मी हो म्हणतो."

"आणि तुम्ही नसता तेव्हा?"

भाऊंना ते कसं माहीत असणार? ते नसताना ते तिथे नसत. पण छगन सरळ मनाचा माणूस. त्याला वाटलं, भाऊ अडकलेत, मदत करावी.

"तवा आमी करून टाकतो, साहेब. भाऊंच्या खुर्चीकडं एकदा बघतो अन करून टाकतो. काय आडत न्हाई."

भाऊंना खुर्ची हवीशी वाटली, पण ती दारात होती. इतकी वर्षं आपण हो म्हणतो म्हणून यंत्र पुढे सरकतं असं त्यांना मनापासून वाटत आलं होतं. ते आजारी असताना, लग्नाकार्याला बेलापूरला गावी गेलेले असताना कंपनीचं कसं होत असेल या काळजीने त्यांना धड जेवण जात नसे. आणि कंपनी खुर्चीकडे एकदा बघून काम करून टाकत होती. लाज वाटली, रागही आला. त्याहून जास्त भीती वाटली, कारण दादा आता त्यांच्याकडेच बघत होते.

साहेबांनी घड्याळात पाहिलं. "दरंदले, मला संध्याकाळच्या आत निघायचंय. मला यंत्र बनताना बघायचं होतं. माणसं थांबलेली बघायला मी आलो नव्हतो."

आता ऑर्डर जाणार हे भाऊंना कळलं. ऑर्डर गेली तर ती आपल्या शंकरपाळ्यांमुळे जाणार, हेही कळलं. आणि थांबलेलं सगळं एका शब्दात पुन्हा सुरू करू शकणारा माणूस शेडमध्ये एकच होता. तो शब्द आपल्याला घरी पाठवील हे माहीत असूनही ते मधे जाऊन उभे राहिले.

"ऐका," ते मोठ्याने म्हणाले. "आजपासून मला काही विचारायचं नाही. ज्याचं झालं त्याने पुढच्याला द्यायचं. माझा हो आत्ताच सगळ्यांना, कायमचा."

"लगीच का, भाऊ?" छगनने विचारलं.

"लगेच."

मग काम असं सुटलं की भाऊंना तिथे उभं राहायला जागा उरली नाही. सांगाडा आसिफच्या हातून छगनकडे गेला, पाती बसली, रंगवलेलं यंत्र वाळायला बाहेर गेलं. आदल्या दिवशीचं तयार यंत्र चाचणीला लागलं, बनुबाईंनी पेंढी टाकली आणि हिरवट कुट्टी साहेबांच्या बुटांवर येऊन पडली. साहेबांनी ती चिमटीत घेऊन पाहिली. ऑर्डर नक्की, असं ते म्हणाले. वाबळ्यांनी मान्य केलेल्या तिन्ही गोष्टींसकट, आणि तेवढ्या शंकरपाळ्या काढून नवा तक्ता पाठवा.

गाडी गेल्यावर दादा एवढंच म्हणाले, "गोरक्ष, उद्या बोलू."

त्या संध्याकाळी भाऊ जेवले नाहीत. रुपालीने दोनदा विचारलं, वाढू का? दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. लग्नानंतर त्यांच्या तोंडून तो शब्द तिने फार कमी ऐकला होता. ती घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊ नेहमीपेक्षा लवकर कंपनीत पोचले. टेबलाच्या खणातला चष्म्याचा डबा, गोळ्या आणि एक जुनं कॅलेंडर त्यांनी पिशवीत भरलं. निदान दादांनी सांगितल्यावर लोकांसमोर आवराआवर करावी लागू नये. मग ते रिकाम्या टेबलाशी बसून केबिनच्या दाराकडे बघत राहिले.

आसिफ आला. मुखवटा हातात धरून टेबलाशी थांबला.

"भाऊ, काल बोलला तुम्ही, विचारायचं नाही. ते आजपण आहे का?"

"हो, आजपण आहे."

"मग न विचारता सुरू करू?"

"करा."

आसिफ समाधानाने गेला. मागोमाग छगन आला. त्याला पाती बसवायच्या आधी विचारायचं नाही की बसवल्यावर विचारायचं नाही, हे विचारायचं होतं. दोन्ही वेळा नाही, असं भाऊंनी सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग आता जाऊ?" रंगवाला आला. नियम नुसता लाल रंगाला की निळ्यालाही? आजवर कधीच काही न विचारणारा टेम्पोवाला खास गाडी बंद करून उतरला आणि हे आपल्याला लागू आहे का म्हणून खात्री करून गेला. बनुबाई दोनदा आल्या. दुपारपर्यंत भाऊंच्या टेबलाशी आजवर कधी झाली नव्हती एवढी गर्दी झाली, आणि बोलून बोलून त्यांचा घसा बसला.

जेवणाच्या सुट्टीआधी केबिनचं दार उघडलं. भाऊ उठून उभे राहिले. पण दादा आले नाहीत, संस्कृती आली. तिच्या हातात कागदाची गुंडाळी होती.

"काका, नवा तक्ता. साहेबांनी सांगितला तसा."

भाऊंनी तो टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि वरून खाली वाचला. सगळ्यांची नावं होती. त्यांचं नव्हतं. एकही शंकरपाळी आता त्यांच्या नावाची नव्हती.

"दादांनी बघितला?" त्यांनी हळूच विचारलं.

"बघितला. मी म्हटलं, भिंतीवर लावू का? तर बाबा म्हणाले, मला काय विचारती, गोरक्षला विचार." ती थांबली. "मग लावू का, काका?"

त्यांनी तक्ता पुन्हा एकदा, सावकाश, खालून वर वाचला.

"लावा," ते म्हणाले. "जरा वर लावा पण. खाली लोकांचे हात लागतात."